लोखंडाच्या कातडीवरचा उजेड

धातूच्या एका चकतीवर दुसरी चकती सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगानं आणून आदळली, तर आत दाब किती झाला, घनता किती वाढली, ऊर्जा किती चढली हे सगळं कागदावर काढता येतं. त्यासाठी दोनच वेग हाती असावे लागतात. त्या धडकेनं उठलेली दाबाची लाट, म्हणजे शॉकची लाट, धातूतून किती वेगानं पुढे सरकली, आणि तिच्या मागचा धातू किती वेगानं ढकलला गेला. बाकीचं वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या जमाखर्चातून आपोआप निघतं. स्कॉटलंडच्या रँकिननं 1870 मध्ये आणि फ्रेंच नौदलाच्या तोफखान्यातल्या ह्यूगोनिओनं 1880 च्या दशकात हा जमाखर्च मांडला. ह्यूगोनिओ 1887 साली, अवघ्या 35 व्या वर्षी गेला. त्याच्या प्रबंधाचा उरलेला भाग 1889 मध्ये, त्याच्या माघारी छापून आला. आज या विषयातला प्रत्येक आलेख त्याच्या नावानं ओळखला जातो.

आणि त्या जमाखर्चात तापमान कुठेही नाही.

मला हे वाचून चमत्कारिक वाटलं होतं. मी कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत फाउंड्र्यांची तापमान मोजायची उपकरणं कॅलिब्रेट करून देतो. आमच्याकडे तापमान हा पहिला आकडा. मेटल, म्हणजे वितळलेलं लोखंड, किती डिग्रीला आहे ते कळल्याशिवाय ते नेणारी लॅडल, म्हणजे मोठी बादली, जागची हलत नाही. दाब कुणी विचारत नाही, घनतेचं तर नावच नको. तिकडे शॉकच्या अभ्यासात दाब आणि घनता टक्क्या-दोन टक्क्यांच्या आत सांगणारे लोक तापमानाची वेळ आली की अधिक-उणे 500 केल्विन लिहून मोकळे होतात. आमच्याकडे असा रिपोर्ट दिला तर दुसऱ्या दिवशी कामच बंद होईल. म्हणून मी या लोकांचे पेपर वाचायला लागलो. थोडा खवचटपणा होता त्यात, कबूल आहे. आता तो उरलेला नाही.

तापमान सुटतं ते असं. शॉकनं धातूत घातलेली ऊर्जा दोन ठिकाणी जाते. एक हिस्सा अणूंना एकमेकांच्या जवळ दाबून बसवण्यात खर्च होतो. त्यानं धातू तापत नाही. उरलेला हिस्सा अणूंच्या थरथरीत जातो, तीच उष्णता. जमाखर्चातून बेरीज कळते, वाटणी कळत नाही. बरं, वाटणी कशीबशी केली तरी एवढ्या उष्णतेनं तापमान किती चढलं हे सांगायला त्या दाबाला धातूची उष्माधारकता किती ते माहीत हवं. लोखंडात काही हजार केल्विनच्या पुढे इलेक्ट्रॉनसुद्धा उष्णता पिऊ लागतात. त्यांचा वाटा किती धरायचा यावर उत्तर कित्येकशे केल्विननं इकडेतिकडे होतं. म्हणजे गणितानं तापमान काढता येतं, पण ते गणित आधी धरलेल्या गोष्टींवर उभं असतं. खरंखोटं करायचं तर मोजायलाच हवं.

मग आत थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातल्या व्होल्टेजवरून तापमान सांगणारी तार, घाला की, असं आमच्या धंद्यातला कुणीही म्हणेल. तेही करून झालं आहे. पण दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यावरून शॉक जातो तेव्हा त्या सांध्यातून निघणारं व्होल्टेज नेहमीच्या तक्त्यात बसत नाही. सुरुवातीच्या प्रयोगांत तर अंदाजाच्या कितीतरी वर आकडे येत होते. शिवाय थर्मोकपलची तारही शॉकनं तापतेच, स्वतःच्या हिशेबानं तापते. भोवतालच्या धातूशी तिचं तापमान जुळायला वेळ लागतो, आणि वेळच तर नसतो. दोनशे गिगापास्कलला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 20 लाख पटीला, लोखंडातली लाट सेकंदाला साडेआठ किलोमीटरच्या आसपास धावते. एक मिलिमीटर जाडीची चकती ती सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहून थोड्या जास्त वेळात पार करते. तेवढ्या वेळात उष्णता लोखंडात जेमतेम एक मायक्रॉन सरकते. तार कितीही बारीक घ्या, ती मायक्रॉनपेक्षा जाडच असणार.

राहिला उजेड. तापलेली वस्तू उजेड टाकते, आणि कुठल्या तरंगलांबीला किती टाकते हे प्लँकच्या नियमानं बांधलेलं आहे. सहा हजार केल्विनला उजेडाचा जोर निळ्या-हिरव्याच्या मध्ये, 0.48 मायक्रॉनला असतो. चार-सहा फिल्टर लावायचे, प्रत्येकामागे फोटोडायोड ठेवायचा, आलेल्या आकड्यांतून प्लँकची वक्ररेषा बसवायची. सोव्हिएत संघात कोर्मर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात मिठाच्या स्फटिकांवर हे करून दाखवलं होतं. मीठ पारदर्शक असतं. लाट आत धावत असताना तिच्यामागचा तापलेला भाग पुढच्या थंड स्फटिकातून सरळ दिसतो.

धातूत दिसत नाही. लोखंडाच्या पृष्ठभागाखालच्या दहा-वीस नॅनोमीटरमधून निघालेला उजेडच काय तो बाहेर पडतो, त्याखालचा तिथंच विरतो. आतलं लोखंड सहा हजार केल्विनला असेना का, समोरून बघणाऱ्याला अंधारच दिसतो. लाट पृष्ठभागाला टेकली की उजेड दिसतो खरा, पण त्याच क्षणी दाब सुटतो, धातू फुगतो आणि गार पडतो. दाबातलं तापमान बघायचं तर दाब सोडावा लागतो, आणि दाब सुटला की बघायचं ते उरत नाही. मला या विषयातलं सगळ्यात आवडलेलं कोडं हेच.

यावर काढलेली युक्ती म्हणजे खिडकी. धातूच्या मागच्या अंगाला पारदर्शक स्फटिक चिकटवायचा, नीलमण्याचा किंवा लिथियम फ्लोराइडचा. नीलमणी म्हणजे कारखान्यात वाढवलेलं रंगहीन ॲल्युमिनियम ऑक्साइड, अंगठीतला नव्हे. लाट धातूतून स्फटिकात शिरते, दाब पूर्ण सुटत नाही, आणि स्फटिक पारदर्शक राहील तेवढा वेळ आपण त्यातून धातूची मागची बाजू पाहू शकतो.

प्रयोग प्रत्यक्षात कसा होतो ते एकदा नीट सांगतो. दोन टप्प्यांची तोफ असते. पहिल्या टप्प्यात बंदुकीची दारू एका जड दट्ट्याला ढकलते, दट्ट्या पुढचा हायड्रोजन दाबतो, ठरावीक दाबाला मधला पडदा फाटतो आणि तो तापलेला हलका वायू अरुंद नळीतून प्लास्टिकचा गोळा हाकतो. गोळ्याच्या तोंडावर टँटलमची चकती बसवलेली असते. वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटरपर्यंत जातो. समोर निर्वात केलेल्या टाकीत लोखंडाची चकती, तिच्यामागे स्फटिक, आणि त्यावर धातूकडच्या बाजूला लोखंडाचाच पातळ थर वाफेनं चढवलेला. मागे तिरका आरसा. प्रकाश आरशावरून वळून भिंगातून बाहेर जातो, म्हणजे ज्या ठिकाणी गोळा पुढे येणार तिथं महागडं काही ठेवावं लागत नाही. आरसा दर वेळी नवा. ऑसिलोस्कोपवर रेषा सपाट असते, मग एकदम उसळते, किंचित खाली येते, थोडा वेळ सपाट चालते आणि संपते. सगळं मिळून काही शे नॅनोसेकंद. त्या मधल्या सपाट भागाची उंची हे तुमचं मोजमाप. तयारी आठवड्यांची आणि नंतर टाकीत नुसता चुरा.

सुरुवातीच्या त्या उसळीवर लोकांनी वर्षं घालवली आहेत. धातू आणि स्फटिक यांच्यात मायक्रॉनभर फट राहिली, तर त्या फटीत धातू आधी मोकळा फुगतो आणि मग स्फटिकावर आपटून पुन्हा दाबला जातो. दुसऱ्यांदा दाबलेला तो पातळ थर आतल्या धातूपेक्षा जास्त तापतो. आणि आपल्याला दिसतो तो तेवढाच थर. पॉलिश करताना राहिलेले ओरखडे, चढवलेल्या थरातली बारीक छिद्रं, सगळी याच पापाची धनी. शिवाय गरम धातू थंड स्फटिकाला टेकला की उष्णता त्यात झिरपते. ग्रोव्हर आणि उर्टिएव यांनी 1974 मध्ये दाखवलं की सांधा अगदी घट्ट असेल तर सांध्याचं तापमान वेळेनुसार बदलत नाही, दोन्हींच्या मधल्या एका आकड्यावर ठरून राहतं. म्हणजे रेषा सपाट आहे म्हणून आपण खरं तापमान पाहतोय असंही नाही. त्या सपाट आकड्यावरून आतल्या धातूकडे जायला स्फटिकाची उष्णतावाहकता लागते, तीही लाख्खो वातावरणांच्या दाबाखालची. ती कुणी मोजली आहे? फिरून गणितच. मग लाट सांध्यावर पोहोचल्यावर दाब थोडा उतरतो त्याची वजाबाकी. नीलमणी स्वतःच शॉकखाली थोडा उजेड टाकू लागतो, त्याची आणखी एक.

एमिसिव्हिटीचा, म्हणजे तापलेला पृष्ठभाग किती सढळपणे उजेड टाकतो त्याचा, घोळ मात्र मला घरचाच वाटला. आमच्याकडे भट्टीवर हे रोज घडतं. लॅडलमध्ये मेटल ओतलं की वर स्लॅगचे, म्हणजे मळीचे, तवंग येतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिलंत तर स्लॅग लखलखीत दिसतो आणि शेजारचं स्वच्छ मेटल मंद. बघणाऱ्याला वाटतं स्लॅग जास्त तापलाय. दोन्ही एकाच तापमानाला असतात, किंवा स्लॅग थोडा गारच. फक्त स्लॅग उजेड सढळ हातानं टाकतो आणि वितळलेलं लोखंड आरशासारखं चकचकीत असल्यानं हात आखडून. उजेडावरून तापमान सांगणारा हातातला पायरोमीटर स्लॅगवर धरला की तो जास्त आकडा दाखवतो. एका फाउंड्रीत भट्टीवरचे एक वयस्क मामा मला म्हणाले होते, “साहेब, तुमचं यंतर कायबी म्हनू द्या, मेटल गार हाय. मळीवर नगा धरू त्ये.” मग त्यांनी पुठ्ठ्याच्या नळीची लान्स घेतली, तिच्या टोकाची थर्मोकपलची टिप मेटलमध्ये बुडवली आणि चार-पाच सेकंदांत खरा आकडा पडद्यावर आला. टिप जळून गेली, तिचं काम झालं होतं.

शॉकवाल्यांना बुडवायला टिप नाही. त्यांच्यासमोर स्लॅगच आहे, आणि त्याखालच्या मेटलबद्दल बोलायचं आहे. पण एक सवलत त्यांना आहे जी आम्हाला नाही. तापमान चढं असेल आणि तरंगलांबी आखूड घेतली, तर एमिसिव्हिटीतली चूक उत्तरात फारशी उतरत नाही. सहा हजार केल्विनला अर्ध्या मायक्रॉनवर पाहिलं, तर एमिसिव्हिटी 10 टक्क्यांनी चुकली तरी तापमान दोनच टक्क्यांनी चुकतं. तापमान जितकं जास्त तितका उजेड भरपूर, तितकं काम सोपं. अवघड आहेत ते कमी दाबाचे, हजारभर केल्विनचे प्रयोग. तिथं उजेड अवरक्त आणि क्षीण असतो. त्यात कुठे एखाद्या ओरखड्याशी 1500 केल्विनचा ठिपका राहिला, तर अर्ध्या मायक्रॉनवर तो आजूबाजूच्या हजार केल्विनच्या धातूपेक्षा सुमारे 15 हजार पट उजळ दिसतो. अख्ख्या चकतीचा उजेड एक ठिपका गिळतो. म्हणून तिथं लांब तरंगलांबीकडे जावं लागतं आणि डिटेक्टर मंद पडतात. सूर्याच्या पृष्ठभागाइतकं तापलेलं लोखंड मोजायला सोपं आणि नुसतं लालभडक झालेलं अवघड, हे आमच्या भट्टीवर कुणाला सांगितलं तर हसतील.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मूळ कारण बॉम्ब. ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस आणि लिव्हरमोर या प्रयोगशाळा, सोव्हिएत बाजूला सारोवमधलं अर्झामास-16, सगळ्यांना दाबाखालच्या धातूंचे तक्ते अण्वस्त्रांसाठी हवे होते. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात राजगोपाल चिदंबरम यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस प्लुटोनियमचं इक्वेशन ऑफ स्टेट, म्हणजे दाब, घनता आणि तापमान यांचं नातं, मांडायला घेतलं, ते पोखरणच्या 1974 च्या स्फोटाआधीचं काम. असले आकडे कोणी कोणाला देत नाही, ज्याचे त्यानं काढायचे. पुढे त्याच तुर्भ्यात सिक्का, गोडवाल आणि मंडळींनी उच्च दाबाखालच्या पदार्थांवर उघड, जगभर वाचलं गेलेलं काम केलं. गॅस गनही तिथं आहे.

पण याच तोफांचं तोंड भूगर्भशास्त्राकडे वळलं आणि मला तिथला वाद जास्त गोड वाटतो. पृथ्वीच्या पोटात 5150 किलोमीटर खोलीवर द्रव लोखंड संपून घन गाभा सुरू होतो. इंगे लेहमननं 1936 मध्ये भूकंपलहरींवरून हा आतला गाभा ओळखला. तिथला दाब सुमारे 330 गिगापास्कल. द्रव आणि घन जिथं टेकतात तिथलं तापमान म्हणजे त्या दाबाला लोखंडाचा वितळणबिंदू, गंधक-ऑक्सिजनसारख्या हलक्या भेसळीमुळे थोडा उतरलेला. म्हणजे 330 गिगापास्कलला लोखंड कितीला वितळतं हे कळलं, की पृथ्वीच्या आतल्या तापमानाला एक खुंटी मिळते. गाभा किती जुना, चुंबकीय क्षेत्र कशावर चालतं, हे प्रश्न पुढे त्या खुंटीला टांगता येतात. शॉक दिलेलं लोखंड सोयीचं अशासाठी, की ते दाबाबरोबर तापतही जातं आणि 225 ते 260 गिगापास्कलच्या दरम्यान आपण होऊन वितळतं. खऱ्या जागेच्या बरंच जवळ.

ब्राउन आणि मॅक्वीन यांनी 1986 मध्ये लॉस अलामॉसहून शॉकमधल्या लोखंडातला ध्वनिवेग मोजला. 243 गिगापास्कलला वेग घसरला, म्हणजे लोखंड वितळलं. तापमान त्यांनी मोजलं नव्हतं, हिशेबानं काढलं होतं, 5000 ते 5700 केल्विन. पुढच्याच वर्षी कॅलटेक आणि बर्कलीच्या गटानं उजेडावरून मोजून गाभ्याच्या सीमेला शुद्ध लोखंडाचा वितळणबिंदू 7600 सांगितला. 1993 मध्ये लिव्हरमोरच्या यू, होम्स आणि सहकाऱ्यांनी पुन्हा उजेडावरूनच मोजून 6800 च्या घरातला आकडा दिला. त्याच वर्षी जर्मनीत माइन्झला बोहलरनं तोफ वगैरे भानगड न करता हिऱ्यांच्या चिमट्यात लोखंड दाबून लेसरनं वितळवलं आणि आपली रेषा पुढे वाढवून 4850 च्या आसपास आणली. म्हणजे 4850 आणि 7600. या दोन आकड्यांतला फरकच लोखंडाच्या नेहमीच्या वितळणबिंदूपेक्षा मोठा आहे!

यात कोण चुकलं, असं विचारण्यात फारशी गंमत नाही. काय दिसलं ते प्रत्येकानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. वाद होता तो दिसलेलं कशाचं होतं याचा. उजेडवाल्यांच्या बाबतीत संशय फटीवर आणि स्फटिकाच्या उष्णतावाहकतेवर गेला. कॅलटेकच्याच मंडळींनी पुढे ती वाहकता तपासायला घेतली, हे मला त्यांच्या मूळ आकड्यापेक्षा मोठं काम वाटतं. चिमट्याच्या बाबतीत उलगडा 2013 मध्ये झाला. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, अँझेलिनी आणि सहकाऱ्यांनी लेसरनं तापवलेल्या लोखंडावर क्ष-किरण टाकून आतली रचना पाहिली. पूर्वी पृष्ठभागावर जी हालचाल वितळणं म्हणून धरली गेली होती ती बहुधा घनातल्याच स्फटिकांची झपाट्यानं होणारी पुनर्रचना होती. वितळल्याची खरी खूण बरीच वर मिळाली, आणि गाभ्याच्या सीमेला त्यांचा आकडा आला 6230, अधिक-उणे 500. इथंही पृष्ठभागानंच फसवलं होतं.

पृष्ठभागाला बगल देऊन आत शिरायचे प्रयत्नही झाले आहेत. लॉस अलामॉसला 2005 मध्ये न्यूट्रॉन वापरले. न्यूट्रॉनला धातू अपारदर्शक नसतो. मॉलिब्डेनममध्ये टंगस्टन-182 मिसळायचं. हे केंद्रक 21 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे न्यूट्रॉन नेमके टिपून घेतं. धातू तापला की केंद्रकं जोरात थरथरतात आणि डॉप्लर परिणामानं ती टिपण्याची पट्टी रुंद होते. रुंदीवरून तापमान, तेही कातडीचं नव्हे, आतलं. अट एवढीच की स्फोट आणि सेकंदाला 60 किलोमीटरहून जास्त वेगानं येणारे ते न्यूट्रॉन एकाच क्षणी गाठले पाहिजेत. 63 गिगापास्कलला त्यांनी ते गाठलं. असा प्रयोग उठसूट कुणी करत नाही. रोचेस्टरला ओमेगा लेसरवर क्ष-किरणांच्या शोषणातल्या बारीक लाटांवरून दाबलेल्या लोखंडाचं तापमान काढलं, तो पेपर 2013 चा. 2022 मध्ये नॅशनल इग्निशन फॅसिलिटीच्या लेसरनं लोखंड हजार गिगापास्कलपर्यंत दाबून ते कुठं घन आणि कुठं द्रव हे क्ष-किरणांनी पाहिलं. फार देखणं काम. पण बारकाईनं वाचलं तर तिथलं तापमान मोजलेलं नाही, काढलेलं आहे.

मी आता असे पेपर उघडतो ते आधी अधिक-उणेचा रकाना बघायला. ±500 दिसलं की पूर्वी हसू यायचं. आता त्या 500 मध्ये किती फटीचे, किती स्फटिकाचे, किती एमिसिव्हिटीचे हे फोडून दिलंय का ते शोधतो. फोडून दिलेलं असेल तर माणूस भट्टीजवळ उभा राहिलेला आहे. नसेल तर मला आमच्याकडचे काही रिपोर्ट आठवतात, ज्यांच्यावर ±1 लिहिलेलं असतं आणि स्लॅगचा उल्लेखही नसतो.

2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डजवळच्या क्ष-किरण लेसरवर सोन्याच्या पातळ थराचं तापमान थेट अणूंच्या वेगावरून मोजलं गेलं. विखुरलेल्या क्ष-किरणांची पट्टी किती रुंदावली यावरून 19,000 केल्विन, सोन्याच्या वितळणबिंदूच्या 14 पट, आणि सोनं तेवढा क्षणभर घनच. त्यात शॉक नव्हता, लेसरनं तापवलं होतं. पण एमिसिव्हिटी नाही, खिडकी नाही, फट नाही. हीच पद्धत कुणी शॉकखालच्या लोखंडाला 225 ते 260 गिगापास्कलच्या टप्प्यात लावली, की आकडा सहा हजारांच्या अलीकडे येतो की पलीकडे यावर आमच्या लॅबमधल्या जोशीबुवांशी माझी मिसळीची पैज लागलेली आहे. मी अलीकडे म्हणतोय.